सोळापैकी तेरा

१

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक डॉक्टर म्हणत होते, ते काही त्याच्या शिक्षणावरून नव्हे. बारावीला दोनदा आपटलेला माणूस तो. पण हातात काळी बॅग, मशीनसमोर बसताच पहिला प्रश्न "काय होतंय?" आणि दुसरा "कधीपासून?", त्यामुळे नाव पडलं ते पडलंच. वय अठ्ठेचाळीस, पोट जरा सुटलेलं, स्वभाव तापट पण पाच मिनिटांत निवळणारा. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याच्या मते जगात बिघाड तीनच प्रकारचे: सैल झालेली जोडणी, जळलेला भाग आणि गिऱ्हाइकाचा आगाऊपणा. या तिन्हींत न बसणाऱ्या गोष्टीला तो 'अर्थिंग' म्हणायचा. ज्याचं कारण सापडत नाही त्याचं नाव अर्थिंग, आणि ते नाव घेतलं की गिऱ्हाईकही समजल्यासारखी मान डोलावतं.

त्या सोमवारी सकाळी फोन आला तो मात्र घरचाच होता. धाकटीचा.

धाकटी म्हणजे पाच भावंडांतलं शेंडेफळ. शेंडेफळाचे लाड होतात म्हणतात, कुठल्या घरात होतात कोण जाणे! हिच्या वाट्याला कायम उरलंसुरलं आलं. थोरलीचे फ्रॉक, मधलीचं दप्तर, आणि झोपायला सगळ्यांच्या पायथ्याशी जी काय वीतभर जागा राहील ती. खिडकीजवळची ऐसपैस जागा डॉक्टरची असायची आणि ती त्यानं एकदाही सोडली नव्हती. हे त्याला हल्ली हल्ली आठवायचं, आणि आठवलं की घास गोड लागायचा नाही. लग्न झाल्यावरही तिची तीच तऱ्हा. आणि आता एकेचाळिसाव्या वर्षी, तीन वेळा परीक्षा हुकून चौथ्यांदा पास होऊन, तिला वजनकाटे तपासणीच्या कार्यालयात नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं भावाला फोन केला होता. "दादा, मला खुर्ची आहे. टेबल आहे, खण आहे, आणि खणाला किल्ली आहे रे!" पगाराबद्दल अवाक्षर नाही.

"दादा, आमचं मशीन सारखं निळं पडतंय," आज ती सांगत होती. "काम करता करता स्क्रीन निळा होतो आणि सगळं बंद. शुक्रवारपासून एक प्रमाणपत्र छापून झालं नाही. दुकानदार जिन्यापर्यंत उभे आहेत. मीच नवी, म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत."

"तू काही हात लावलास का?"

"मी फक्त टाइप करते."

"मग अर्थिंग असेल. आलोच."

२

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. एकच लांबलचक खोली आणि टोकाला साहेबांची काचेची केबिन. साहेब बाराही महिने फिरतीवर, त्यामुळे केबिनमध्ये त्यांचं जाकीट तेवढं कामावर असायचं. भिंतीला लागून तपासणीला आलेले काटे दाटीवाटीनं मांडलेले होते, तागड्या, स्प्रिंगचे, आकडे दाखवणारे, आणि मधोमध पोती मोजायचा बैठा काटा. पंखा तीन फेऱ्या झाल्या की एकदा कण्हायचा.

माणसं तीन. एक हेडक्लार्क, ज्याच्या नाकावर चष्मा आणि जिभेवर नियम. दुसरे शिपाईमामा, ज्यांना कार्यालयातलं सगळं माहीत असायचं, फक्त विचारलं की काही माहीत नसायचं. आणि खिडकीपाशी, चक्क खिडकीपाशी, धाकटी. खणाची किल्ली तिनं गळ्यातल्या दोरीत अडकवली होती. डॉक्टरला ते बघून उगाच भरून आलं, म्हणून त्यानं खोकल्यासारखं केलं.

तो मशीनपाशी गेला आणि शेजारची रिकामी वेताची खुर्ची ओढली.

"ओ, ओ, ओ! ती नव्हे!" शिपाईमामा दारातून ओरडले. "ती राखीव आहे."

"कोणासाठी?"

मामांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कनं मामांकडे पाहिलं.

"राखीव म्हणजे राखीव," हेडक्लार्क म्हणाला. "आता शब्दाचा अर्थ सांगत बसू का तुम्हाला?"

डॉक्टरनं मनात एक शिवी हासडली आणि स्टूल ओढून घेतलं. सरकारी कारभार, म्हटलं, असेल कोणा बड्या माणसाची.

मशीन उघडलं तर आत काही जळलेलं नव्हतं. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, आठ आणि आठ, सोळा जीबी. रॅम म्हणजे मशीनची काम मांडायची जागा. जितकी जास्त, तितका पसारा मांडता येतो. डॉक्टरनं दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे पिवळे दात शाळेतल्या खोडरबरानं घासले, फुंकर मारली, परत बसवल्या. निम्मी दुनिया याच उपचारानं बरी होते. मग त्यानं स्क्रीनवर आकडे बघितले आणि त्याच्या भुवया वर गेल्या. बसवलेली मेमरी सोळा. वापरता येण्यासारखी तेरा. हार्डवेअरसाठी राखीव, तीन.

आता थोडी मेमरी राखीव असतेच. घर बांधलं की थोडी जागा भिंतींत जाते, तेवढी. पण तीन म्हणजे फारच झालं. सोळा खोल्यांच्या घरात तीन खोल्या नुसत्या भिंतींनीच खाव्यात तशातली गत.

"कोणी सेटिंगला हात लावलाय?" त्यानं दरडावून विचारलं.

हेडक्लार्कनं चष्मा पुसायला घेतला. "आमच्या भाच्यानं सांगितलं होतं, सुरुवातीच्या पर्यायांत 'जास्तीत जास्त मेमरी' असं लिहिलेल्या चौकटीत बरोबरची खूण केली की मशीन पळतं."

"आणि तुम्ही केलीत."

"जास्तीत जास्त म्हटल्यावर कोण सोडेल?"

हा धडधडीत तिसऱ्या प्रकारचा बिघाड. ती खूण केली की मशीन जास्त मेमरी घेत नाही, उलट तिथे जो आकडा असेल तेवढ्यावर अडतं. डॉक्टरनं हेडक्लार्कला चार शब्द सुनावले, खूण काढली, मशीन पुन्हा सुरू केलं. राखीव तीनच. मग तो बायोसमध्ये शिरला. बायोस म्हणजे मशीन जागं होताना उघडणारं सगळ्यात आतलं पान, तिथे मेमरीचा वेग, वाटणी, सगळं ठरतं. तिथल्या वाटणीची सेटिंग त्यानं बदलली. राखीव शून्य, सोळापैकी सोळा. तो विजयी मुद्रेनं धाकटीकडे वळला, आणि बरोबर अकराव्या मिनिटाला स्क्रीन निळा झाला.

पुन्हा केलं. पुन्हा अकरा मिनिटं. वेग कमी करून पाहिला, पट्ट्यांच्या जागा बदलून पाहिल्या. अकरा म्हणजे अकरा, घड्याळ लावून घ्यावं. शेवटी वैतागून त्यानं सेटिंग होती तशी केली, तीन राखीव राहू दिली, तर मशीन दुपारपर्यंत सुतासारखं सरळ चाललं. चाळीस प्रमाणपत्रं निघाली. जिना रिकामा झाला.

"काय होतं?" धाकटीनं विचारलं.

"अर्थिंग," डॉक्टर म्हणाला. चालत्या गाडीला खीळ घालू नये एवढं शहाणपण त्याला होतं.

३

गुरुवारी पुन्हा फोन. मशीन पडत नव्हतं, रांगत होतं.

डॉक्टरनं बॅग अडकवायला भिंतीवरच्या खुंटीकडे हात नेला. "तिथे नको," हेडक्लार्क मान वर न करता म्हणाला. बॅग पायाशी ठेवून त्यानं स्क्रीन उघडला. वापरता येण्यासारखी अकरा. राखीव, पाच. सोमवारनंतर त्यानं कशाला हात लावला नव्हता, आणि मेमरी काही पाण्यासारखी मुरत नाही.

मामांनी चहा आणला. माणसं चार, कप पाच. पाचवा त्यांनी राखीव खुर्चीच्या शेजारी टेबलाच्या कडेला ठेवला, दांडी खुर्चीकडे करून.

"हा कोणाचा?"

"ठेवतो आपला," मामा म्हणाले. "निवला की ओतून टाकतो."

डॉक्टरनं कामात डोकं घातलं. थोड्या वेळानं मामा कप उचलायला आले, तेव्हा त्यांना ओतावं काही लागलं नाही. नुसता विसळायला घेऊन गेले. प्यायला असेल हेडक्लार्क, फुकट मिळालं की सोडणारा तो नव्हे, असं डॉक्टरनं स्वतःला समजावलं. पण हेडक्लार्क तासभर जागचा हलला नव्हता, हेही त्याला दिसत होतं.

"तुझी किल्ली कुठाय?" त्यानं धाकटीला हळूच विचारलं. तिच्या गळ्यातली दोरी रिकामी होती.

"खण दिला. त्यांना हवा होता."

"कोणाला त्यांना?"

"अरे, एवढा मोठा खण मला कशाला? डबा मी मांडीवर ठेवते." आणि ती हसली. ते हसू डॉक्टरला पाठ होतं. थोरलीचा विटका फ्रॉक अंगात घालताना ती असंच हसायची, आणि आई म्हणायची, "माझी गुणाची बाय ती."

डॉक्टरचं टाळकं सटकलं. तो उठला, ती वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि मधल्या बैठ्या काट्यावर दाणकन आदळली. आकडा थरथरला आणि थांबला. सात किलो दोनशे.

"बघा! डोळे उघडून बघा! रिकामी खुर्ची आहे ही!"

हेडक्लार्कनं काट्याकडे नाही, घड्याळाकडे पाहिलं. "दीड वाजलाय," तो म्हणाला. "जेवायला गेले असतील."

मामा हसले. हेडक्लार्कही स्वतःच्या विनोदावर हसला. डॉक्टर तर सगळ्यांत मोठ्यानं हसला. धाकटी तेवढी हसली नाही, डब्याचं झाकण लावत राहिली.

खुर्ची जागेवर गेली. दोन वाजता, खोलीत कोणी बोलत नसताना, तिचं वेत एकदा लांबट करकरलं, जेवून आलेला माणूस टेकला की करकरतं तसं. काटा तिथून दोन पावलांवर होता. खुर्ची उचलून पुन्हा वर ठेवायची, झालं, शंकाच मिटली असती. पण डॉक्टरला एकाएकी फार उशीर झाला आणि तो बॅग आवरून निघाला.

४

तरी माणूस हट्टी. निघताना त्यानं मशीनमधल्या दोन्ही पट्ट्या काढून घेतल्या होत्या आणि आपल्याकडच्या नव्याकोऱ्या दोन बसवल्या होत्या. दुकानात जुन्या पट्ट्यांवर त्यानं पूर्ण तपासणी लावली. ही तपासणी फार सोपी असते. मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहायचं, परत वाचायचं, जुळतंय का बघायचं. चार फेऱ्या झाल्या, एक चूक नाही. सोळापैकी सोळा, राखीव नाममात्र. पट्ट्या धडधाकट होत्या.

मग पट्ट्या ज्यात बसतात तो मदरबोर्ड वाईट असेल. पण मदरबोर्ड चहा पितो का? हा विचार डोक्यात आल्याबरोबर त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखं केलं आणि दुसऱ्या एका प्रिंटरला भिडला.

सोमवारी फोन वाजला. धाकटीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता.

"दादा, नव्या पट्ट्यांनीही तेच. आता निम्मीच दाखवतंय. आठ."

"तू बोलतेयस कुठून?"

"पॅसेजमधून. माझं टेबल जरा इकडे हलवलंय."

"जरा म्हणजे?"

"रद्दीच्या कपाटामागे. टेबल असं नाही मावत, स्टूल आहे. पण वारा छान येतो रे इथे."

डॉक्टर वीस मिनिटांत तिथे होता. खिडकीपाशी तिचं टेबल होतं, खुर्चीही होती, आणि त्यांवर कोणी नव्हतं. तरी टेबल नीट लावलेलं होतं, टाचण्या वाटीत, पट्टी सरळ.

"माझ्या बहिणीची जागा कोणाला दिलीत?"

"कोण बहीण?" हेडक्लार्कनं विचारलं. चेहऱ्यावर खोडसाळपणाचा लवलेश नव्हता. "इथे मी आणि मामा, दोघंच... हां हां, त्या! आहेत की त्या. पुढच्या पानावर."

"कुठल्या पानावर?"

हेडक्लार्कनं हजेरीचं रजिस्टर पुढे सरकवलं. पहिल्या पानावर त्याचं नाव, खाली मामांचं. त्याखाली नावाविना ओळी, एक दोन नव्हे, पान संपेपर्यंत. पान उलटलं तर तिथेही तेच, आणि अगदी तळाशी, शिवणीच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात धाकटीचं नाव.

"मधल्या ओळी?"

"राखीव."

नावं नव्हती, पण हजेरी होती. प्रत्येक ओळीत रोजच्या चौकटीत वेळ लिहिलेली, दहा वाजून शून्य मिनिटं. रोज. अख्ख्या कार्यालयात वेळेवर येणारं तेवढंच कोणीतरी होतं.

"हे अक्षर कोणाचं?"

"वळणदार आहे ना?" हेडक्लार्क कौतुकानं म्हणाला.

डॉक्टरनं रजिस्टर मिटलं. त्याला आता भीती वाटत होती, आणि ती खुर्चीची नव्हती. ती या दोन भल्या माणसांची होती, ज्यांना यात काहीच वावगं दिसत नव्हतं. आणि सगळ्यांत जास्त धाकटीची, कारण तिला सरकायची सवय होती. तिला कोणी ढकलायचीसुद्धा गरज नव्हती. अशीच सरकत सरकत ती पानावरून खाली जाणार, आणि मग पुढच्या सोमवारी फोन यायचा नाही, आणि कदाचित फोन का आला नाही हे त्यालाही सुचायचं नाही.

५

जेवायची सुट्टी झाली तसं त्यानं हेडक्लार्क आणि मामांना खाली पिटाळलं. धाकटी कपाटामागे डबा उघडून बसली होती. बाहेर लख्ख ऊन होतं, खोलीत उजेडच उजेड. घाबरायला मुळीच सोयीची वेळ नव्हती.

त्यानं मशीन बंद केलं, बायोस उघडलं आणि वाटणीची सेटिंग पुन्हा बदलली. राखीव शून्य. आज निळ्या स्क्रीनच्या आधी नेमकं काय होतं ते तो डोळ्यांत तेल घालून बघणार होता. मशीन सुरू झालं. सोळापैकी सोळा. त्यानं मनगटावरचं घड्याळ टेबलावर ठेवलं.

तीन मिनिटं काही नाही. चौथ्या मिनिटाला पंखा कण्हायचा चुकला. पंखा फिरत होता, पण कण्हणं बंद, जसं काही खोलीत कोणी 'श्शू' केलं असावं. सहाव्या मिनिटाला खिडकीजवळच्या टेबलाच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. लाकूड उन्हानं तडकतं, डॉक्टर मनाशी म्हणाला. सातव्या मिनिटाला खुंटी करकरली, अंगावरचं ओझं कोणी काढून घेतल्यासारखी. लाकूडच ते, तेही तडकतं. आठव्याला माउसचा बाण अडखळायला लागला. आणि पॅसेजमधून स्टूल फरशीवर घासल्याचा आवाज आला, थांबत थांबत, इंच इंच.

"धाकटे?"

तो धावला. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट असेल, तिच्यात ती गुडघे छातीशी घेऊन बसली होती, डबा डोक्यावर धरून. खांदे इतके आवळलेले की लहानपणी पायथ्याशी झोपायची तेवढीच दिसत होती.

"काय करतेयस तू?"

"काही नाही रे दादा," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "थोडं सरकतेय. त्यांना पुरत नाहीये."

मग डॉक्टरच्या डोक्यात उजेड पडला. मशीनमधली जागा त्यानं काढून घेतली होती, म्हणून ती इथे मागितली जात होती. दोन्हीकडून नाही म्हटलं असतं तर मशीन तर पडलंच असतं, पण आधी ही फटीत मावेनाशी झाली असती. आणि त्या पाठोपाठ आला राग, जुना, चाळीस वर्षांचा, निम्मा तर स्वतःवरचाच. तो तसाच उलटा फिरला, खोलीत आला आणि त्या वेताच्या खुर्चीत धपकन बसला.

खुर्ची गरम होती.

आणि मग डाव्या बाजूचं वेत करकरलं. कोणी ढकललं नाही, ओढलं नाही, मानगूट धरली नाही. बाकावर आपण टेकलो की शेजारचा भला माणूस अंग चोरून जेवढं सरकतो, तेवढं, अगदी तेवढंच, कोणीतरी सरकलं. अर्धी खुर्ची त्याला मोकळी करून दिली.

डॉक्टर ताठ बसून राहिला. डावीकडे बघायचं नाही एवढं त्यानं ठरवलं. भांडायची सगळी तयारी वाया गेली होती, जागा करून देणाऱ्याशी भांडणार कसं? आणि त्याला कळून आलं की अठ्ठेचाळीस वर्षांत आपण कोणासाठी असे सरकलो नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. घड्याळात नऊ मिनिटं झाली होती.

"अहो," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "अहो, ऐका ना. ती खिडकीजवळची खुर्ची आहे ना, ती माझ्या बहिणीची. तिला जन्मात पहिल्यांदा मिळालीय हो. ती मागणार नाही, बोलणार नाही, तिचा स्वभावच नाही तो. तेवढी तिला राहू द्या. हात जोडतो."

ऐकून घेतल्यासारखं वाटलं. दहा मिनिटं. आता इतकं मागून झाल्यावर पुढे काय बोलावं हे न सुचून तो तेच बोलला, जे निरोप घेताना कोणीही कोणालाही म्हणतं, आणि म्हणणाऱ्याच्याही मनात नसतं, ऐकणाराही मनावर घेत नाही.

"आणि या ना एकदा आमच्याकडे. ऐसपैस जागा आहे."

डावं वेत वर आलं, हलकेच, कोणी उठल्यावर येतं तसं.

अकरा मिनिटं झाली. बारा झाली. माउसचा बाण लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. सोळापैकी सोळा, राखीव शून्य. पंखा कण्हला आणि डॉक्टरला तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा गोड वाटला.

६

हेडक्लार्क सुपारी चघळत वर आला आणि पॅसेजमध्येच थबकला. "हे काय बाई, स्वतःचं टेबल सोडून तुम्ही इथे अडगळीत काय करताय? कोणी बघितलं तर आम्हाला नावं ठेवतील!" मामांनी स्टूल उचलून नेलं. खण उघडा होता आणि किल्ली कुलपातच लटकत होती. रजिस्टरात तिसऱ्याच ओळीवर धाकटीचं नाव होतं, ठसठशीत. हेडक्लार्कनं वेताच्या खुर्चीवर खुशाल पाय ठेवले आणि पेपर उघडला.

"काय होतं शेवटी?" त्यानं विचारलं.

"अर्थिंग," डॉक्टर म्हणाला.

"वाटलंच मला," हेडक्लार्क म्हणाला, आणि मामांनी समजल्यासारखी मान डोलावली.

पाचपर्यंत मशीन एकदाही अडलं नाही. डॉक्टर मुद्दाम थांबला होता, स्टुलावर बसून बहिणीकडे बघत. ती खिडकीशी बसून टाइप करत होती, मधेच खण उघडून बंद करत होती, काही काढायचं नसताना. त्याला वाटलं, झालं, मिटलं. एवढ्या वर्षांचं काहीतरी आज आपण फेडलं. त्याला इतकं बरं वाटलं की उतरताना त्यानं दोन दोन पायऱ्या घेतल्या.

"चल, सोडतो तुला," खाली आल्यावर तो म्हणाला आणि स्कूटर स्टँडवरून काढली.

"चल की!" धाकटी खुशीत होती. तिनं पर्स खांद्यावर नीट केली, त्याच्या खांद्यावर हात टेकला, मागच्या सीटवर बसायला पाय उचलला, आणि तशीच थांबली. मग चटकन पाय खाली घेऊन दोन पावलं मागे सरली.

"अय्या, सॉरी हं," ती म्हणाली. त्याला नाही. त्याच्या पाठीमागे.

"काय झालं गं?"

"अं? कुठे काय?" तिलाच कळलं नव्हतं. डोळे मिचकावून ती हसली, आणि हे हसू नवं होतं, खुर्ची असलेल्या बाईचं. "मी बसनं जाते रे दादा. तुम्ही निघा."

"तुम्ही कोण?"

पण ती वळली होती. बसथांब्याकडे झपाझप चालत गेली, मागे न बघता, रस्त्याच्या अगदी मधून. कोणासाठी बाजूला न होता ती अशी चालताना त्यानं कधी पाहिली नव्हती.

डॉक्टरनं स्कूटर सुरू केली. हँडल पोटाला रुतलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण सीटवर चांगले वीतभर पुढे सरकून बसलोय. कधी सरकलो ते आठवेना. मागची स्प्रिंग सावकाश दबली आणि स्थिरावली. आरशात बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं, आणि आरसा बोटानं आभाळाकडे वळवला.

घर तीन किलोमीटरवर होतं. रोज हे अंतर तो भरधाव कापायचा. आज मात्र खड्डे चुकवत, वळणावर वेग कमी करत गेला. पहिला गतिरोधक आला तसा त्यानं ब्रेक दाबला, आणि मान न वळवता, अगदी सहज, त्याच्या तोंडून निघून गेलं, "नीट धरून बसा हं."